आधी तू बसायचीस

जानकीताई, तुझे केस मी विंचरले. तुला न्हाऊ घातलं तुझ्या पाड्यातल्या बायकांनी, पण फणी मी मागून घेतली. कोणाला विचारलं नाही. चिंचणीहून उधव्यापर्यंत रिक्षा, बस, टमटम करत आले होते, आणि एवढं येऊन नुसतं दाराशी उभं राहून डोळे पुसणं मला जमलं नसतं. शेजारची ती म्हातारी, मंगळीआजी, फणी देताना म्हणाली, "केस एवढे कसे गेले गं हिचे? काय दुखणं होतं काय?" दुसरी म्हणाली, "लग्नात अंबाडा केवढा होता जानकीचा." मी मान खाली घालून विंचरत राहिले. खांद्याच्या वरच संपत होते तुझे केस, आणि खाली कात्रीने मारलेली सरळ रेघ. दुखणं नव्हतं बायांनो, सोमवार होते, असं सांगावंसं वाटलं. पण ते सांगायला बसले असते तर संध्याकाळ झाली असती, आणि बाहेर माणसं घाई करत होती.

म्हणून आता तुलाच सांगते. दुसरं कोण ऐकणार माझी बडबड? नवरा ऐकतो, पण कंपनीतली शिफ्ट करून आला की माझ्या अर्ध्या वाक्यात घोरायला लागतो. तू निदान भांडायचीस तरी.

आपली ओळखच भांडणात झाली. माझ्याशी नव्हतं तुझं, लोकांशी होतं. डहाणूला अपंगत्वाच्या दाखल्याचं शिबिर होतं. मांडवाशेजारी जनरेटर धडधडत होता आणि माझी मुक्ता, तेव्हा बालवाडीच्या वयाची, टेबलाखाली शिरून कानांवर हात दाबून किंचाळत होती. मी गुडघ्यांवर बसून तिला बाहेर काढायला बघतेय, आणि भोवती ही गर्दी. एक म्हणतो लाडावून ठेवलीय, एक बाई म्हणते दृष्ट काढा, तिसरी आपली बिस्किट पुढे करतेय. डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगून फार दिवस झाले नव्हते, आणि तो शब्द त्या गर्दीला कसा सांगायचा हे मला कळत नव्हतं. तेवढ्यात एक उंच, काळीसावळी बाई आली, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली, दोन्ही हातांनी पदर पसरला आणि लोकांना म्हणाली, "काय तमाशा हाय काय? लाइन तिकडं हाय तुमची." एकदाही वळून बघितलं नाहीस. मुक्ता शांत होईपर्यंत मला तुझी पाठच दिसत होती, आणि ब्लाउजला मागून लावलेली सेफ्टी पिन. तुझ्या शेजारी तुझ्याएवढाच उंच झालेला तुझा निलेश उभा होता, तुझ्या पदराचं टोक धरून डोलत. नंतर मी आभार मानायला आले तर म्हणालीस, "कोणी बघू नये असं वाटतं ना आपल्याला? मंग मी कशाला बघू?"

मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की माझ्या घराबाहेर माझं कोणीतरी आहे. हे तुला कधी सांगितलं नाही. तू म्हणाली असतीस, काय फिल्मी बोलतेस.

सुरुवातीला मी तुला अहो-जाहो करायचे. "अहो जानकीताई" म्हटलं की तू मागे वळून बघायचीस, कोण आलं म्हणून. मग एकदा तू तिकीट काढायला गेलीस आणि स्टँडवर निलेशचं पोट बिघडलं. मी त्याला नळावर नेऊन धुतलं, माझी ओढणी त्याच्या कमरेला गुंडाळली. तू आलीस, बघितलंस आणि म्हणालीस, "आता कसलं अहो?" तेव्हापासून तू.

सोमवार मात्र सगळे तुझेच. निलेशचे केस ही केवढी लढाई होती तुझी. कात्रीचा आवाज, मशीनची घरघर, मानेवर पडणारे बारीक केस, डोक्यावर परका हात, यातलं काही त्याला सोसायचं नाही. लहान होता तोवर तो झोपल्यावर कापायचीस. मोठा झाला तेव्हा बाजारातल्या न्हाव्याकडे नेलंस, तिथे दोघातिघांनी धरून कापले. त्यानंतर कितीतरी दिवस तो तुलासुद्धा जवळ येऊ देईना. "तवाच ठरवलं," तू सांगायचीस, "धरायचं नाय. काय पण होऊ दे, पोराला धरायचं नाय."

डॉक्टरसाठी डहाणूला येणं व्हायचंच तुझं. मग तिथली सलूनं पालथी घातलीस. जो तो म्हणे, गिऱ्हाइकं असतात, आरडाओरडा होईल, दुसरीकडे बघा. शेवटच्या सलूनवाल्या जितूभाईंनीही तेच सांगितलं. तू विचारलंस, "गर्दी कवा नसते तुमच्याकडं?" ते वैतागून म्हणाले, "बेन, सोमवारी नसते. सोमवारी दुकान बंद असतं."

"मंग सोमवारी येते," तू म्हणालीस.

त्यांना वाटलं बाई चेष्टा करतेय. सोमवारी सकाळी बंद शटरपुढच्या पायरीवर तू आणि निलेश नागलीची भाकरी खात बसलेले. जितूभाईंचं घर वरच्याच मजल्यावर. त्यांच्या बायकोनेच खिडकीतून बघितलं आणि नवऱ्याला खाली पिटाळलं. हे जितूभाई अजून रंगवून सांगतात.

शटर अर्धं वर झालं आणि निलेश दारातच अडला. खुर्चीकडे बघेना. मग तू काय केलंस, तर चपला काढल्यास आणि पुरुषांच्या सलूनच्या त्या फिरत्या खुर्चीत स्वतः जाऊन बसलीस. अंबाडा सोडलास. "माझे कापा," म्हणालीस. जितूभाई कसनुसे झाले. "लेडीजचे नाही कापत मी, बेन." तू म्हणालीस, "टोक तरी कापा. तो बघतोय." त्यांनी पेराएवढं टोक कापलं. निलेश पुढे आला, वाकून जमिनीवरचं ते टोक उचललं, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि तुझ्या तळहातावर ठेवलं. तू मूठ मिटलीस, उठलीस, खुर्ची त्याच्यासाठी रिकामी केलीस. त्या दिवशी तो बसला नाही. पुढच्या खेपेलाही नाही. कितव्या खेपेला बसला असं विचारलं की तू हात उडवायचीस. "बसला ना? झालं तर."

पण बसायला लागल्यावरही दर वेळी आधी तू. तुझं टोक, ते तुझ्या तळहातावर, मग तो. संपल्यावर जितूभाई कापड झटकून म्हणायचे, "झालं." निलेश म्हणायचा, "झालं." त्याला येणारे शब्द मोजकेच, त्यातला तो एक. तो म्हणाला की तुझा चेहरा असा व्हायचा, जणू त्याने भाषणच ठोकलंय.

तुझा अंबाडा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मोसंबीएवढा होता. मग लिंबाएवढा झाला. शेवटी शेवटी नुसती क्लिप लावायचीस. मी चिडवायचे, "ताई, आता पुढच्या वेळी भुवया देणार का?" तू माझी वेणी हातात धरून वजन केल्यासारखी हलवायचीस. "वेणीवाली, तू बस ना एकदा. तुझी वर्षभर पुरंल." "हात लावायचा नाही हं वेणीला," मी म्हणायचे. माहेराहून दुसरं काय आणलंय मी? ही वेणी तेवढी आणलीय.

त्या अर्ध्या शटरखालून मग आणखी लोक वाकून आत यायला लागले. वरोरची हेमा तिच्या विकीला घेऊन यायची. तो एका जागी मिनिटभर ठरत नाही, म्हणून त्याचे केस जितूभाई दुकानभर फिरत कापायचे. मुक्ताला केस कापायचेच नसायचे, तिला खुर्ची गोल फिरवायला हवी असायची, आणि आरसा नको असायचा. मग आरशावर टॉवेल. आम्ही बाकावर बसून चहा प्यायचो. कुठली बाई पोरांना शाळेत नीट बसवते, कुठल्या डॉक्टरकडे ताटकळावं लागत नाही, कोणाची सासू काय बोलली, कोणाच्या नवऱ्याने हात टेकले, सगळं तिथे निघायचं. मी डबे करते, तर सोमवारी कंपनीतल्या लोकांना सुट्टी सांगून टाकली होती. लोक कुरकुरले. मी म्हटलं, करा एक दिवस वडापाव.

हेमाच्या सासूचं आठवतं मला. ती विकीला कोणापुढे येऊ देत नव्हती, पाहुणे आले की आतल्या खोलीत. हेमा सोमवारी रडली. मी म्हटलं, चल, मी येते, सुनावते चार शब्द तुझ्या सासूला. तू म्हणालीस, तू नको, तू सुनावशीलच. मग तूच वरोरला गेलीस. सासू बाहेर बोंबील वाळत घालत होती, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकत. तू तिच्या शेजारी उभी राहून तेच करायला लागलीस. तुला जमत नव्हतं, तिने दाखवलं. दुपारपर्यंत तू विकीबद्दल चकार शब्द काढला नाहीस. नंतर म्हणालीस, "मावशी, तुमच्या हाताला बोलवा की त्याला. त्याला अडकवायला आवडंल." विकी आला. दोऱ्या भरेपर्यंत हलला नाही, असं हेमा शपथेवर सांगते. मला पूर्ण पटत नाही, पण सासू पुढच्या सोमवारी सलूनात बाकावर बसली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आपण भांडायचो ते दोनच गोष्टींवरून. एक केसांवरून. मी म्हणायचे, कशाला कापायचे? वाढू देत. पोराला त्रास होतो तर लोकांनी डोळे मिटावेत. मोबाइलवर काही वाचलं की मी तुला ऐकवायचे, मुलांना बदलायचं नाही, आजूबाजूचं बदलायचं. तू शांतपणे ऐकायचीस. "बरोबर हाय तुझं. म्हणून तर जितूभाईला बदलला. पण माझ्या पोराला हळदीला जायचंय, नाचायचंय, मयताला जायचंय. केस डोळ्यांवर आलेले, उवा पडलेल्या, त्याला कोण शेजारी बसवून घेईल? मला तो पंक्तीत पाहिजे सुषमा. ओट्यावर वेगळं ताट नको." मी म्हणायचे, ही तडजोड झाली. तू म्हणायचीस, "असंल. तडजोडीशिवाय तुझी डाळ तरी शिजते काय?" मग मी चिडायचे, आणि तू हसायचीस.

दुसरं भांडण हसण्यावारी जायचं नाही. ते आम्हा सगळ्यांच्याच घशाशी असतं. सोमवारी चहाच्या वेळी कोणीतरी तो विषय काढायचंच. आपल्यानंतर काय? तुझा नवरा वापीला कामाला गेला तो तिकडचाच झाला. तुझ्यानंतर निलेशला कोण? मी तुला पुन्हा पुन्हा छेडायचे, कारण तू वयाने मोठी, आणि मला तुझं उत्तर उसनं हवं होतं, मुक्तासाठी.

"गोविंदभाऊ हायत ना," तू म्हणायचीस.

"तुझा दीर? एका अंगणात दोन चुली, पण त्या माणसाने कधी एक सोमवार बघितलाय? निलेश पाणी कुठल्या तांब्यातून पितो ते तरी माहीत आहे का त्यांना?"

तू चहाचा कप विसळायला उठायचीस.

मग मीच एका वसतिगृहाची माहिती काढली, अशाच मोठ्या मुलांसाठी असलेल्या. तुला घेऊन बघायलाही गेले. स्वच्छ होतं, माणसं बरी होती, बागेत काम करणारी मुलं हसत होती. तू सगळीकडे फिरलीस, पंक्तीला जेवलीस. परत येताना बसमध्ये मी विचारलं, कसं वाटलं? "आमटी चांगली होती," म्हणालीस. मग खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "तिथं त्याला नावानं वळखतील. कोणाचा कोण ते नाय वळखणार." मी म्हटलं, ताई, गावाने ओळखून पोट भरत नाही. तू म्हणालीस, "तू तुझ्या मुक्ताचं बघ." एवढं लागेल असं मला आजवर कोणी बोललं नाही, आणि एवढं रास्तही.  उतरताना तू माझी पिशवी उचललीस, तेव्हा कळलं की मिटलं.

आपल्या शेवटच्या सोमवारी तू टमटममध्ये चढत होतीस आणि मी पुन्हा तेच काढलं. काय करू, जिभेला हाड नाही माझ्या. तू वैतागलीस. "तुला काय सांगू सुषमा, गोविंदभाऊ..." म्हणालीस, आणि ड्रायव्हरने गाडी काढली. हात बाहेर काढून काहीतरी बोलत होतीस, ते इंजिनात गेलं. मी ओरडले, "पुढच्या सोमवारी सांग."

त्याच आठवड्यात फोन आला. दुपारी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होतीस, छातीत कळ आली, गाडी येईपर्यंत संपलं होतं. असं कोणी जातं का? अर्धं वाक्य ठेवून? मला रडू येण्याआधी तुझा राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

गोविंदभाऊंनी निलेशचा हात धरून त्याच्याकडून अग्नी देववला. तुझी क्लिप मी निलेशच्या हातात दिली होती. ती त्याने सोडली नाही.

मधल्या दिवसांत मी आणि हेमा पुन्हा उधव्याला गेलो. ओट्यावर तुमची भावकी बसली होती, कार्य सांगणारे बुवा होते, दहाव्याचं बोलणं चाललं होतं. गोविंदभाऊ म्हणाले, "नदीवर डोक्याचे केस उतरायचे. अग्नी दिला त्याचं पहिलं, तो मान निलेशचा. चौघं धरतील त्याला, लगेच होऊन जाईल."

मग मला कुठला धीर? मी उभी राहून बोलले. कोणी हात लावायचा नाही त्याला म्हटलं, जानकीताईने जन्म घालवला त्याला कोणी धरू नये म्हणून, आणि ती गेल्यावर पहिलं काम तुम्ही हेच करणार? राहू द्या केस, काही बिघडत नाही. एवढ्या पुरुषांसमोर बाहेरची बाई बोलतेय, सगळे माझ्याकडे बघत होते. गोविंदभाऊंनी खाली बघूनच उत्तर दिलं. "मंग सोडून देऊ? उद्या पाड्यात बोलतील, पोरगा वेडा म्हणून त्याला धरलाच नाय मोजदादीत. आईला केस नाय दिले. वहिनीला चाललं असतं?"

ताई, ते तुझंच बोलणं होतं, पंक्तीचं, तुझ्या दिराच्या तोंडून आलेलं. तू समोर असताना मी तुझ्या विरुद्ध कितीही बोलू शकत होते. तू नसताना जीभ उचलेना.

मी म्हटलं, बरं, उतरवा केस, पण आधी तुम्ही बसा. तुमचे मुलगे बसू देत. त्याला बघू दे, तो शेवटी बसेल. बुवांनी नकाराची मान हलवली. गोविंदभाऊ म्हणाले, "ते होणार नाय. पहिला तोच. त्याचा मान मी कसा घेऊ?" आणि त्यांचा आवाज फाटला. मला कळलं की हा माणूस हट्ट करत नाहीये. तो निलेशला देण्यासारखं असलेलं एकच देतोय, आणि नेमकं तेच पोराच्या मुळावर येतंय.

"मग आधी मी बसते," मी बोलून गेले.

ओट्यावरून "बाई?" कोणीतरी म्हणालं. तेव्हा दाराआडून मंगळीआजी बोलली, "बाईचं कुठं मोजतात?" बुवांनी गोविंदभाऊंकडे बघितलं, गोविंदभाऊंनी बुवांकडे. बुवा विचार करून म्हणाले, "बाईचं मोजत नाय. पहिला तोच धरला जाईल."

बायकांना मोजत नाहीत या गोष्टीवर मी आयुष्यभर भांडत आलेय, सासरी, ऑफिसांत, सगळीकडे. त्या दिवशी पहिल्यांदा ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. तू असतीस तर पदर तोंडात कोंबून हसली असतीस.

दहाव्याला जितूभाई दुकान बंद ठेवून आले, सोमवार नसताना. नदीकाठी थंडी होती. वाळूत एक प्लास्टिकची खुर्ची मांडली. आम्ही सोमवारच्या बायका, ज्या ज्या येऊ शकल्या त्या, खुर्चीकडे पाठ करून उभ्या राहिलो, पाड्यातल्या लोकांच्या आणि निलेशच्या मध्ये. ते कोणी ठरवलं नव्हतं. मग मी वळले, चपला काढल्या आणि बसले.

निलेश लांब झाडाला टेकून होता, क्लिप हातात. "टोकच हं," मी जितूभाईंना म्हटलं. त्यांनी टोक कापलं. निलेश हलला नाही. आम्ही थांबलो. तो नुसता बघत होता, माझ्याकडे नाही, खुर्चीकडे. मला वाटलं संपलं, आता ते चौघे येणार. खरंच, दोघे जण पुढे सरकलेही. मी म्हटलं, "अजून कापा." जितूभाई म्हणाले, "सुषमाबेन, वेणी आहे." "कापा," मी म्हटलं. त्यांनी वीतभर कापली. त्याचा आवाज वेगळाच येतो गं, कचकच असा, मानेत ऐकू येतो. मुक्ता आणि निलेश काय ऐकत असतील ते मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

निलेश आला. वाकला, वाळूतून तो केसांचा झुबका उचलला, डोळ्यांजवळ नेला. आणि मग तुला शोधायला लागला. माझ्यामागे बघितलं, बायकांच्या रांगेपुढे जाऊन एकेकीच्या तोंडाकडे बघितलं, नदीकडे बघितलं.  मला रडू आवरलं नाही, मी आवरलंही नाही. माझ्या हातावर ठेवेल म्हणून मी हात पुढे केला होता. तो माझ्यावरून पुढे गेला. पाण्याशी गोविंदभाऊ उघड्या अंगाने कुडकुडत उभे होते, आपल्या पाळीची वाट बघत. त्यांच्यासमोर थांबला, त्यांचा हात ओढून उघडला, झुबका तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं एकेक करून मिटवली. मग येऊन खुर्चीत बसला.

कोणी धरलं नाही त्याला. जितूभाईंनी वस्तरा लावला नाही, कात्रीनेच अगदी बारीक केले. बुवा म्हणाले, चालतं. कापड झटकून जितूभाई म्हणाले, "झालं." निलेश काही बोलला नाही. उठून नदीच्या कडेला जाऊन उभा राहिला.

गोविंदभाऊंची मूठ मिटलेलीच होती. केस उतरवून घेताना मिटलेली, आणि पाण्यात बुडी मारली तेव्हा तो एक हात पाण्याच्या वर होता. मुलाने विचारलं, हात का वर धरलाय? ते म्हणाले, "भिजंल."

परवा सोमवार होता. मला जावंसं वाटत नव्हतं. पण मुक्ता पिशवी घेऊन दारात उभी, तिला वार कळतात. गेले. हेमा आली होती, तिच्या सासूने सुका मेवा म्हणून सुके बोंबीलच पाठवले होते. जितूभाईंनी आरशावर टॉवेल टाकला होता. मुक्ता खुर्ची फिरवत होती आणि माझ्या आखूड वेणीकडे संशयाने बघत होती. बाकावर तुझी जागा आम्ही कोणी घेतली नाही.

मग शटरखालून आधी एक तुळतुळीत डोकं आत आलं. गोविंदभाऊ. मागे निलेश. "सकाळधरनं रस्त्यावर जाऊन उभा," ते म्हणाले, जणू कोणी जाब विचारला होता. "हिरवा तांब्या घेतला, चप्पल घातली, उभा. काय करणार? आणला." हिरवा तांब्या त्यांच्याच हातात होता. पाणी तो त्यातूनच पितो. मी तुला विचारायचे ना.

ते बाकावर टेकले आणि वरच्या खिशातून रुमाल काढून गाठ सोडली. आत माझे केस. "वहिनी ह्याचं काय करायची?" त्यांनी मला विचारलं. मी जितूभाईंकडे बघितलं, जितूभाईंनी हेमाकडे. कोणालाच माहीत नव्हतं. इतके सोमवार तू ते टोक मुठीत धरून घरी नेलंस, ताई. शेताच्या बांधावर पुरायचीस की नदीत सोडायचीस, की गाडी वळली की खिडकीतून टाकून द्यायचीस? टमटममधलं ते अर्धं वाक्य तू नाही पुरं केलंस तरी आता चालेल मला. पण हे सांगून जायला हवं होतंस.

"आम्हाला नाही माहीत, भाऊ," मी म्हटलं.

त्यांनी रुमालाला पुन्हा गाठ मारली, खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. निलेश दारातच होता, खुर्चीकडे बघत. मी मुक्ताला खुर्चीवरून उतरवलं. जितूभाई हळूच म्हणाले, "काका, कापायचं तर दोघांचं काहीच नाही."

"ते कळतंय मला," गोविंदभाऊ म्हणाले. त्यांनी चपला काढल्या आणि आधी जाऊन स्वतः बसले.